दाजींची पाठ आणि डबीतला गॅस

आमच्या धंद्यात दोन अक्षरं फार लबाड आहेत. क्यू. एस. दुखण्यावर मारायच्या कुठल्याही स्प्रेची डबी उचला आणि लेबल वाचा. वर डायक्लोफेनॅक इतके टक्के, मेंथॉल इतके टक्के, मिथाइल सॅलिसिलेट इतके टक्के, सगळं दशांशासकट. आणि शेवटच्या ओळीत, मुंगीच्या डोळ्याएवढ्या टायपात, ‘प्रोपेलंट क्यू. एस.’ प्रोपेलंट म्हणजे डबीतून औषध बाहेर ढकलणारा गॅस. क्यू. एस. हे लॅटिन, अर्थ ‘लागेल तेवढं’. माझी आई भाजीतलं मीठ असंच सांगायची. फरक एवढाच की आईला मीठ कुठलं ते माहीत असायचं.

मी अमळनेरला मेडिकल चालवतो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्याआधी शिरपूरला बी. फार्म. केलं आणि १९९६ ते २००४ अशी आठ वर्षं वापीकडच्या एका कारखान्यात काढली. तिथे आमच्या लाइनवर हेच काम चालायचं, डब्यांत औषध भरायचं आणि वरून गॅस दाबायचा. जखमेवरची पावडर, भाजल्यावरचा फवारा, मुरगळल्यावरचा स्प्रे. म्हणजे या ‘लागेल तेवढ्या’ गॅसशी माझी ओळख काउंटरच्या दोन्ही बाजूंनी आहे. आणि तरी दाजींची पाठ माझ्यामुळेच भाजली.

सात-आठ वर्षं झाली असतील. डिसेंबरचा महिना, ताईच्या मळ्यात भरताचा बेत. ताई यावल तालुक्यात दिलेली आहे, बामणोदच्या अलीकडे. तिकडचं भरताचं वांगं म्हणजे हिरवट-पांढरं, हाताच्या पंजात मावणार नाही एवढं. कपाशीच्या वाळलेल्या काड्या रचून आग केली होती, त्यात वांगी टाकलेली, एकीकडे ताई कळण्याच्या पुऱ्या लाटत होती. दाजी सकाळपासून केळीचे घड उचलून वाकले होते, कमरेत उसण भरली होती. त्यांनी खिशातून स्प्रे काढला. मीच दिलेला, मागच्या फेरीत, बिल न करता. शर्ट वर केला, आगीकडे पाठ करून उभे राहिले आणि भाच्याला म्हणाले, “मार रे, जरा शेकही मिळेल.”

भाच्याने मारला. फवारा पाठीवर गेला तेवढाच बाजूनेही गेला, आणि काड्यांच्या जाळापर्यंत पोचला. भक् असा एकच आवाज. निळसर-पिवळी जीभ हवेतून उलटी आली आणि दाजींच्या पाठीवरून फिरून विझली. अर्धा सेकंद असेल. जळक्या केसांचा वास भरताच्या धुरातही वेगळा कळला. कमरेच्या वर तळहाताएवढी कातडी लाल झाली, रात्रीपर्यंत दोन फोड आले. ताई टूथपेस्ट आणायला धावली, मी ओरडून थांबवलं आणि दाजींना तसंच मोटारीच्या पाइपाखाली नेऊन बसवलं. वीस मिनिटं गार पाणी. डिसेंबरात. दाजी कुडकुडत होते आणि माझ्याकडे बघत होते.

“तूच म्हणाला होतास ना, याचा गॅस पेटत नाही?”

म्हणालो होतो. आणि मनापासून म्हणालो होतो, कारण मी ते डोळ्यांनी बघितलेलं होतं. फक्त वेगळ्या डबीत, वेगळ्या सालात.

कारखान्यात माझ्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सुपरवायझर काकांनी एक खेळ दाखवला होता. टेबलावर मेणबत्ती लावली, नुसता गॅस भरलेली डबी घेतली आणि ज्योतीवर फवारली. मेणबत्ती विझली. “जो, ओलवाई गई!” काका खूश. मी पण खूश. घशात जराशी खरखर झाली, तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे कळलं की हा गॅस पेटत नाही हे खरं, पण आगीत सापडला की तुटतो आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. खरखर त्याची होती. काकांना या खेळाचा मूळ पुरुष कोण ते माहीत नसणार. थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन माणसाने हाच गॅस १९२८ मध्ये शोधून काढला आणि १९३० मध्ये केमिस्ट मंडळींच्या सभेत तो चक्क छातीत भरून घेतला आणि हळूहळू सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध. त्या वेळी फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असायचे. गळाले तर माणूस मारणारे. त्यामुळे या गॅसचं देवाघरचं असल्यासारखं स्वागत झालं. फ्रिजमधून तो डबीत आला आणि डबीतून औषधात.

फ्रिजचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझा भुसावळचा एक मित्र फ्रिज-एसीची कामं करतो. मी एकदा त्याच्या दुकानात बसलो होतो आणि त्याच्या सिलिंडरवरचे आकडे वाचून माझंच हसू आलं. आर-१२, आर-१३४ए, आर-६००ए. हे तर आमच्या लाइनवरचेच! तो म्हणाला, “तुम्ही औषधवाले फ्रिजचा गॅस लोकांच्या अंगावर मारता?” हो, मारतो. अगदी तोच.

या आकड्यांचं एक गणित आहे, ते मला काकांनी शिकवलं. आकड्यात ९० मिळवायचे. १३४ अधिक ९० झाले २२४. पहिला आकडा कार्बन २, दुसरा हायड्रोजन २, तिसरा फ्लोरिन ४. आता दोन कार्बन एकमेकांचा हात धरून उभे असले तर त्यांच्याकडे बाकी सहा हात मोकळे राहतात. दोन हायड्रोजनने धरले, चार फ्लोरिनने धरले, हिशोब संपला. आता १२ घ्या. १२ अधिक ९० झाले १०२. कार्बन १, हायड्रोजन शून्य, फ्लोरिन २. एका कार्बनला चार हात. दोन फ्लोरिनने धरले, दोन उरले. जे उरतं तिथे क्लोरीन. ११ नंबरमध्ये तीन क्लोरीन. सगळं भांडण या उरलेल्या हातांचं आहे.

कारण हा गॅस खाली काहीच करत नाही. पेटत नाही, सडत नाही, पावसात धुतला जात नाही. म्हणून वर जात राहतो. ओझोनच्या थरापर्यंत गेला की तिथल्या कडक अतिनील किरणांनी क्लोरीन सुटतो आणि एकेक सुटा क्लोरीन ओझोनचे कण एकामागून एक फोडत सुटतो, स्वतः शिल्लक राहून. मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हे मांडलं. १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक फवाऱ्यांतून हा गॅस काढायला लावला, सवलतीच्या यादीत दम्याच्या पंपांबरोबर जखमेवर मारायची एक अँटिबायोटिक पावडरही होती. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भोक जगाला कळलं, १९८७ मध्ये असे गॅस आवरायचा माँट्रियलचा करार झाला, आपण १९९२ मध्ये त्यात शिरलो. मोलिना-रोलँडना १९९५ चं नोबेल मिळालं. मी तेव्हा शिरपूरला शेवटच्या वर्षाकडे निघालो होतो आणि आमच्या पुस्तकात अजून ‘प्रोपेलंट ११, १२ आणि ११४ हे आदर्श’ असं छापलेलं होतं. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि चांगले मार्क पडले.

आपल्याकडे नियम २००० साली आले. १ जानेवारी २००३ नंतर वस्तूंमध्ये सीएफसी, म्हणजे ११, १२ असले क्लोरीनवाले गॅस, वापरायचे नाहीत, मात्र दम्याचे पंप आणि इतर वैद्यकीय कामं यांना सूट. म्हणजे आमची लाइन सवलतीत बसत होती. पण आमच्या मालकाला दिसत होतं की हा गॅस आज ना उद्या जाणार, म्हणून आम्ही आधीच १३४ए चालवून बघायला लागलो. कागदावर सोपं होतं. १२ नंबर उणे ३० अंशाला उकळतो, १३४ए उणे २६ ला. दाब जवळजवळ सारखा. पेटत हाही नाही. काढा तो, भरा हा.

नाही जमलं. दोन वर्षं आमचा जीव खाल्ला त्याने.

पहिली गोष्ट, ११ नंबर हा नुसता ढकलणारा गॅस नव्हता, तो चांगला द्रावकही होता. औषध, तेलकट पदार्थ, पावडर सुटी ठेवणारे पदार्थ, सगळं त्यात मुकाट्याने विरघळायचं किंवा तरंगायचं. (त्याचेही नखरे होते. पाणी लागलं की आम्ल करून डबा आतून खायचा.) १३४ए मध्ये मात्र काहीच विरघळायला तयार नाही. काचेच्या बाटलीत नमुना भरून आम्ही उजेडाला धरायचो, तर पावडरीचे गठ्ठे तळाला नाहीतर बाटलीच्या कडेला चिकटलेले. मग अल्कोहोल घातलं. विरघळलं. आणि मग तक्रारी: झोंबतं. खरचटलेल्या गुडघ्यावर अल्कोहोल पडलं तर पोर रडणारच. आजही काउंटरवर कोणी विचारलं की हा स्प्रे इतका का झोंबतो, तर मला ती काचेची बाटली आठवते.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हमधली रबराची चकती. शर्टच्या बटणाएवढी असते. जुन्या गॅसमध्ये ती जेवढी फुगायची त्या हिशोबाने व्हॉल्व्ह बनलेला. नव्या गॅसमध्ये फुगणं बदललं, आणि डब्या गळायला लागल्या. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. दर सोमवारी शंभर डब्या तराजूवर ठेवायच्या आणि मागच्या सोमवारचं वजन बघायचं. कोणी एक ग्रॅम हलकी, कोणी तीन ग्रॅम. चकतीचं रबर बदललं, परत भरलं, परत सोमवार. माझ्या लग्नाआधीच्या आठवणी म्हणाल तर बहुतेक अशाच आहेत.

ते सुधारलं तोवर हिशोबवाल्यांनी वेगळाच आकडा काढला. १३४ए महाग, आणि एलपीजी स्वस्त. परफ्यूम आणि डासांच्या फवाऱ्यावाले आधीच एलपीजीवर गेले होते. आपलाच स्वयंपाकाचा गॅस, प्रोपेन आणि ब्युटेन, फक्त त्यातला वास काढलेला. तुमच्या सिलिंडरला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. फवाऱ्यात तो घालून कसं चालेल? त्यामुळे डबीतला एलपीजी गळाला तर नाकाला पत्ता लागत नाही. क्लोरीन नाही, ओझोनला धक्का नाही, भाव परवडतो. दुखण्यावरचे स्प्रे एकेक करून तिकडे गेले. मी २००४ मध्ये नोकरी सोडून गावी आलो. डोक्यात मात्र काकांची विझलेली मेणबत्ती घेऊन आलो, आणि तीच पुढे तेरा-चौदा वर्षं गिऱ्हाइकांना विकत राहिलो. त्यात दाजीही आले.

भुसावळच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आमचंही तेच की. आधी १२, मग १३४, आता नव्या फ्रिजात ६००ए.” ६००ए म्हणजे आयसोब्युटेन. पेटणारा. मिजलीने फ्रिजमधून घातक गॅस घालवले, आणि शंभर वर्षांच्या आत आम्ही दोघं पेटणाऱ्या गॅसवर आलो.

बरं, सगळा दोष गॅसवर ढकलणं बरोबर नाही. तो डबीत जे काम करतो ते दुसऱ्या कोणाला सहज जमत नाही. घरचा सिलिंडर आठवा. महिनाभर शेगडीची ज्योत सारखीच असते, आणि मग एक दिवस फोडणीच्या मधोमध संपतो. सायकलच्या ट्यूबसारखा हळूहळू ढिला पडत नाही. कारण आत तो पातळ रूपात असतो. थोडा उडून गेला की पातळातला तेवढाच परत वाफ होतो आणि दाब कायम. डबीतही हेच. पहिला फवारा आणि शेवटचा फवारा सारखाच बारीक. दाबलेली हवा नाहीतर नायट्रोजन भरला तर डबी अर्धी झाली की फवाऱ्याची पिचकारी होते.

आणि भाजलेल्या जागेला हात न लावता औषध पोचवणं. हे ज्याने भाजून घेतलंय त्यालाच कळतं. पोव्हिडोन-आयोडीनची पावडर घ्या. डबीत ती पातळ गॅसमध्ये तरंगत असते, बाहेर पडली की गॅस हवेतच उडून जातो आणि जखमेवर कोरडी पावडर बसते. बोळा नाही, बोट नाही. फक्त डबी हलवली पाहिजे. लोक हलवत नाहीत. पावडर तळाला बसते, सुरुवातीला पावडरच पावडर येते, शेवटी नुसता गॅस.

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी आला, पारोळ्याकडचा. रागाने डबी काउंटरवर आपटली.

“भाऊ, डबी तं भरेल शे, मंग निंघत काबर नही?”

हलवून बघितली. खरंच आत औषध खळखळत होतं, आणि बटण दाबलं तर नुसतं सूं. विचारलं, कुठे वापरली? बैलाच्या खुरात जखम होती. कशी मारली? त्याने हात खाली नेऊन दाखवलं: डबी उलटी, तोंड खाली, पायाखालून वर. झालं. डबीत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, ती पातळ औषध वर ओढते. डबी उलटी केली की औषध झाकणाकडे जातं आणि नळीचं तोंड वाफेत उघडं पडतं. चार दिवस तो रोज बैलाच्या खुरावर नुसता गॅस मारत होता. गॅस संपला, औषध जागेवर. मी त्याला नळीचं चित्र बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. तो म्हणाला, “मंग बैलले उलटा करू का?” त्याचंही बरोबर होतं. त्याला मी पिशवीवाली डबी मागवून दिली. तिच्यात औषध आतल्या पिशवीत असतं आणि पिशवीबाहेर दाबलेली हवा किंवा नायट्रोजन. उलटी धरा, आडवी धरा, चालते. पेटायचाही प्रश्न नाही, म्हणजे औषधात अल्कोहोल नसेल तर. पण पावडर आणि गारवा हे तिला जमत नाही.

गारव्याचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण कबड्डीची पोरं येतात आणि मागतात, “टीव्हीवर मॅचमध्ये मारतात तो द्या.” त्या डबीत गॅस औषधाला ढकलत नाही. गॅस हेच औषध. आपला माठ पाझरतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. तसंच, फक्त इथे उडणारी वस्तू पाण्यापेक्षा शंभरपट घाईची. जुन्या काळी यासाठी इथिल क्लोराइड वापरायचे. १२ अंशाला उकळतं, कातडी बधिर करतं, पण पेटतं, आणि जास्त हुंगलं तर माणसालाच बधिर करतं. केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूवर गार फवारा मारून तो ताणायची पद्धत रूढ केली, पुढे त्यासाठी ८५ टक्के ११ नंबर आणि १५ टक्के १२ नंबर असं न पेटणारं मिश्रण निघालं. ११ नंबर २४ अंशाला उकळतो. म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात वाटीत ठेवला असता तर पहाटेसुद्धा उकळला असता. आता त्या जागी १३४ए आणि २४५एफए आहेत. मी पोरांना एवढंच सांगतो: वीतभर लांबून, तीन-चार सेकंद, कातडी पांढरी दिसायला लागली की थांब. एकाने ऐकलं नाही, नडगीला नाक लावल्यासारखी डबी लावून धरली. दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा फोड. गारव्याने भाजतं हे त्याच्या आईला पटवायला मला अर्धा तास लागला.

मेचं नाव निघालं तर डब्या ठेवायचं सांगतो. प्रत्येक डबीवर लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर नेऊ नका. हे लिहिणारा माणूस खान्देशात राहत नसणार. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तो सावलीतला. पत्र्याच्या दुकानात वरच्या फळीवर काय असेल ते तुम्हीच ठरवा, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत तर विचारूच नका. १३४ए चा दाब २५ अंशांना साधारण ८० पीएसआय असतो, ५० अंशांना पावणेदोनशेच्या पुढे. कारच्या टायरात आपण ३०-३२ भरतो. कारखान्यात प्रत्येक डबी गरम पाण्याच्या हौदातून जायची, ५५ अंशांचा दाब सोसते की नाही ते बघायला. बुडबुडे आले तर गळकी, बूड बाहेर आलं तर बाद. ती परीक्षा एकदाच द्यायची असते. आमच्याकडे डबी ती दर उन्हाळ्यात देते. म्हणून माझ्या दुकानात स्प्रेची कार्टनं वर कधीच नसतात. खाली, फरशीला टेकून, माठाच्या शेजारी.

आता तुम्ही म्हणाल, मग परत १३४ए वर जा की, पेटत तर नाही. इथे गाडी अडते. त्यात क्लोरीन नाही म्हणून ओझोन वाचला, पण उष्णता अडवण्यात तो पटाईत. एक किलो १३४ए शंभर वर्षांच्या हिशोबात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. मी एकदा बिलाच्या कागदावर मांडलं: डबीत शंभर ग्रॅम गॅस धरला तर १४३ किलो. म्हणजे साठेक लिटर पेट्रोल जाळल्यासारखं, मोटरसायकलवर तीन हजार किलोमीटर. एका पाठदुखीला. याचा भाऊ २२७, जो काही औषधांत वापरतात, तो ३,२२० पट. (९० मिळवून बघा: ३१७. तीन कार्बन, एक हायड्रोजन, सात फ्लोरिन, हात शिल्लक नाही.) २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या किगालीला सगळ्या देशांचं ठरलं की हेही कमी करायचे. आपण २०२१ मध्ये मान्यता दिली. आपली कपात २०३२ मध्ये १० टक्क्यांनी सुरू होते, २०३७ ला २०, २०४२ ला ३०, आणि २०४७ पर्यंत ८५. नवे गॅस आलेत, १२३४झेडई वगैरे, उष्णता अडवण्यात एक आकडी, पण ते माझ्या फळीवर स्वस्तात कधी पोचतील ते बघू. तोवर हिशोब असा आहे की आभाळाला जो गॅस चालतो तो दाजींच्या पाठीला चालत नाही, आणि दाजींच्या पाठीला चालतो तो आभाळाला नाही.

मला राग याचा नाही. गॅस बदलले ते योग्य कारणांनी बदलले, प्रत्येक वेळी. राग क्यू. एस. चा आहे. दोनदा गॅस बदलला आणि डबीचा रंग, नाव, वास, सगळं तेच राहिलं. शेवटच्या ओळीत तोच लॅटिन शब्द. ‘ज्वलनशील’ हा शब्द मागच्या बाजूला, शिवणीच्या शेजारी, बारकोडच्या खाली. एका एम. आर. ला, म्हणजे कंपनीच्या माणसाला, विचारलं, यात गॅस कुठला? तो म्हणाला, “सर, स्टँडर्ड गॅस.”

दाजींच्या प्रकरणानंतर त्याच रात्री मी अमळनेरला परत आलो, शटर अर्धं वर केलं आणि दुकानातली एकेक डबी दिव्याखाली धरून वाचली. सकाळी बंद रस्त्याच्या कडेला मेणबत्ती लावून, मागे शाळेची पट्टी धरून, एक्सपायरीतल्या डब्या लांबूनच मारून बघितल्या. कारखान्यात ज्योत किती लांबते ते असंच मोजायचो. दोन डब्यांची ज्योत पट्टीच्याही पुढे गेली. (हे घरी करू नका. मी केलं तेव्हा शेजारचा हॉटेलवाला बादली घेऊन उभा होता, आणि त्याचे टोमणे वेगळे.)

तेव्हापासून नवा माल आला की मी काळा मार्कर घेऊन बसतो. बुडाला लिहितो. ‘पे’ म्हणजे पेटतो. ‘न’ म्हणजे नाही. आणि ज्या डबीवर गॅसचं नावही नाही आणि इशाराही वाचता येत नाही, तिच्यावर प्रश्नचिन्ह.

मागच्या डिसेंबरात परत भरीत झालं. दाजी आले, कमरेला हात लावूनच. खिशातून डबी काढली, उलटी करून बूड बघितलं आणि माझ्याकडे केली.

“हे काय लिहिलंय? प्रश्नचिन्ह?”

“त्याचं मलाही माहीत नाही, दाजी.”

त्यांनी ती गाडीत नेऊन ठेवली, काच खाली करून. मग आले आणि आगीपासून बरेच लांब, ताईच्या पुऱ्यांच्या परातीजवळ बसले.